परसातले गावरान बी

गावरान वाणाचे बी पुढच्या हंगामासाठी धरता येते आणि रोप आईसारखे निघते, ही त्याची मुख्य खूण. चव, रंग, काटे या नंतरच्या गोष्टी. संकरित फळातले बीही उगवते, फक्त त्याची रोपे एकसारखी येत नाहीत; ते बी वांझ असते ही समजूत मात्र जाता जात नाही.

वाल, घेवडा, टोमॅटो ही पिके बहुतांशी स्वपरागी आहेत. त्यांचे दोन वाण थोड्या अंतरावर लावले तरी घरापुरते बी सहसा शुद्ध राहते. वांगी आणि भेंडीत मधमाश्यांमुळे थोडीफार भेसळ होते. खरी कसोटी वेलवर्गीय भाज्यांची.

दुधी कडू निघाला की शेजारच्या कारल्याच्या मांडवाला बोल लावला जातो. अनुभवी बागायतदारही हे ठामपणे सांगतात, पण कारले आणि दुधी यांचा संकर होतच नाही. दुधीचा संकर होतो तो त्याच्याच जातीतल्या भोपळ्यांशी. मिरजेत सतारीला लागणारे भोपळे याच जातीचे, आणि कुंपणावर आपोआप वाढलेला कडू भोपळाही याच जातीचा. शिवाय परागामुळे त्या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही, कारण गर आईच्या वेलाचा असतो. भेसळ शिरते ती बियांत आणि कडूपणा दिसतो पुढच्या वर्षीच्या वेलावर. तेव्हा गुन्हा गेल्या हंगामातला असतो, शिक्षा मात्र यंदाच्या कारल्याला! हा कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांचा असतो. तो शिजवूनही जात नाही आणि अशा दुधीचा रस पिणे जिवावर बेतू शकते. म्हणून बियाण्याला फळ राखण्याआधी त्याच वेलाच्या दुसऱ्या कोवळ्या फळाची बारीक फोड जिभेला लावून थुंकून टाकावी.

दुधीची फुले संध्याकाळी उमलतात. त्या दिवशी उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या दुपारीच दोऱ्याने बांधाव्यात. मादी कळीच्या देठाशी इवलेसे फळ असते. संध्याकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर फिरवावा, फूल पुन्हा बांधावे आणि देठाला रंगीत दोरा अडकवावा. नर फूल त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलाचे असल्यास उत्तम. फळ वाळून खडखडेपर्यंत काढू नये. खाण्याजोगा मोठा दुधी डोळ्यांदेखत वेलावर वाळू देणे घरातल्यांना पटत नाही. पुष्कळ चांगले वाण याच पायरीवर संपतात.

टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवून धुतले की त्यावरचे बुळबुळीत आवरण सुटते. वालाचे बी कडक वाळवून चाळलेल्या राखेत ठेवतात. राख दाण्यांमधल्या फटी भरते, त्यामुळे भुंगेऱ्यांना हिंडता येत नाही. बी दमट राहिले असेल, तर राखेचा काही उपयोग नाही.

रोपांवर मावा आल्यास लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारावी. हा अर्क ताजाच वापरावा.

साठवणीत कांद्याचे बी सर्वांत नाजूक असते, साधारण वर्षभरात त्याची उगवण घसरते. दुधी-दोडक्याचे बी नीट वाळवल्यास काही वर्षे टिकते, त्यामुळे ते दरवर्षी धरावे लागत नाही.