मदतीची यादी कुणाच्या हातात?

रमजान जवळ आला की वाशिम जिल्ह्यातल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत याद्या बनायला लागतात. बेवा किती, यतीम किती, हातावर पोट असणारी घरं किती. वाशिम असो, कारंजा असो, मंगरूळपीर किंवा रिसोड, पद्धत थोड्याफार फरकाने एकच. जकातीचे पैसे, राशनचं किट, पोरांसाठी ईदचे कपडे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये या याद्या कितीतरी लांबल्या आणि पोरांनी उन्हातान्हात खूप काम केलं, हे नाकारण्याचं कारण नाही.

पण या याद्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. नाव लिहिणारा पुरुष, टोकन देणारा पुरुष, किट घरी पोहोचवणारा पुरुष. रांगेत मात्र बायकाच जास्त, आणि त्यातही एकट्या बायका. ज्याच्या हातात यादी, त्याच्या हातात तिचा महिन्याचा किराणा. एवढी सत्ता एका माणसाच्या हाती देतो आपण, आणि तिच्यावर लक्ष कुणी ठेवायचं हे ठरवत नाही.

त्या लॉकडाऊनमध्ये ओळखीच्या एका बेवा बाईने अम्मीजवळ मन मोकळं केलं होतं. किट देणाऱ्याने 'कळवायला बरं' म्हणून तिचा नंबर घेतला होता. मग रात्री फोन यायला लागले. तिने अम्मीला एकच विचारलं, "नहीं उठाई तो अगले महिने नाम काट देंगे क्या?" ती त्याच्याबद्दल तक्रार करत नव्हती. ती पुढच्या महिन्याच्या पिठाची काळजी करत होती. हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

हा प्रश्न जगभर विचारला गेलेला आहे. २००२ मध्ये लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासितांच्या छावण्यांतून बातमी आली की मदत वाटणारेच अन्नधान्याच्या बदल्यात मुलींचं शोषण करताहेत. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नियम केले: पैसा, नोकरी, वस्तू किंवा मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध म्हणजे गंभीर गैरवर्तन, अठरा वर्षांखालच्या मुलांशी तर कोणत्याही सबबीवर नाही. नियम झाले, तरी हैतीच्या भूकंपानंतर तिथे गेलेल्या ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांचं गैरवर्तन २०११ मध्ये संस्थेला कळलं आणि लोकांना कळायला २०१८ उजाडलं. काँगोत इबोलाच्या साथीत मदतीला गेलेल्यांपैकी ८३ जणांवर आरोप असल्याचं स्वतंत्र चौकशी आयोगाने २०२१ मध्ये सांगितलं; त्यातले २१ जागतिक आरोग्य संघटनेसाठी काम करणारे होते.

सिरियातली गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. २०१८ मध्ये बाहेर आलं की काही बायकांनी मदत केंद्रावर जाणंच सोडून दिलं. गेलं तर लोक समजणार, हिने काहीतरी देऊनच हे आणलं. म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा, बदनामी हिची, आणि उपाशीही हीच.

लांबचं कशाला? आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातल्या पाळा गावच्या आश्रमशाळेचं प्रकरण नोव्हेंबर २०१६ मध्ये उघडकीला आलं. आदिवासी मुलींवर अत्याचाराचा आरोप, मुख्याध्यापकासकट अनेकांना अटक, सरकारने नेमलेलं विशेष तपास पथक. मुली दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्या तेव्हा तोंड फुटलं. शाळेच्या आवारात सांगण्यासारखं कुणी नव्हतं, हाच याचा अर्थ. बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातला प्रकार २०१८ मध्ये कळला, तो मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या लोकांनी तिथे जाऊन पाहणी केली म्हणून. दोन्हीकडे सत्य बाहेर आलं ते बाहेरच्या कानामुळे किंवा बाहेरच्या डोळ्यामुळे.

आपल्या जिल्ह्यात हा धोका फक्त मोहल्ल्यापुरता नाही. शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांचं नाव कायम घेतलं जातं, त्यात वाशिम आहे. नवरा गेल्यावर एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. त्यासाठी तिशीही न गाठलेली बाई तलाठ्यापासून तहसीलपर्यंत एकटी फिरते. प्रत्येक टेबलावर कुणाची तरी सही अडलेली असते. बहुतेक माणसं सरळ असतात. पण जो सरळ नाही, त्याला अडवणारं त्या वाटेवर काय आहे?

कायदा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सामाजिक संस्था आणि ट्रस्टनाही लागू आहे, आणि तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या संस्थेविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. साधारण तीन महिन्यांच्या आत. मुलांच्या बाबतीत पोक्सो आहे. त्यात माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. 'आपसात मिटवून घ्या' म्हणणाऱ्या कमिटीने हे नीट लक्षात ठेवावं.

आणि दीन काय सांगतो? जकात ही मेहेरबानी नाही, मालदाराच्या मालात गरिबाचा हक्क आहे, हे आपण प्रत्येक बयानात ऐकतो. दान देऊन उपकार बोलून दाखवले किंवा घेणाऱ्याला त्रास दिला, तर ते दान वाया जातं, हे सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. नुसतं बोलून दाखवण्याने सदका बरबाद होत असेल, तर रात्रीच्या फोनने काय होईल?

म्हणून या रमजानसाठी माझं म्हणणं एवढंच. यादी करणाऱ्यांत निम्म्या बायका असाव्यात. एकट्या बाईच्या घरी एकट्या पुरुषाने किट घेऊन जाऊ नये. वाटप दिवसा, चारचौघांत व्हावं. नंबर घ्यायचा तर कमिटीतल्या बाईने घ्यावा. घेणाऱ्यांचे फोटो बंद. किटच्या पिशवीवर एक चिठ्ठी लावावी: ही मदत मोफत आहे, कुणी काही मागितलं तर या बाईंना सांगा, नाहीतर १८१ वर फोन करा, मुलांसाठी १०९८. आणि तक्रार आली म्हणून कुणाचंही नाव यादीतून कापलं जाणार नाही, हे जुम्म्याला माईकवरून सांगावं.

कुणी म्हणेल, याने जमातीची बदनामी होईल, फुकट काम करणाऱ्या पोरांवर शंका घेतल्यासारखं होईल. मला उलट वाटतं. चांगल्या पोरांना या नियमांचा काहीच त्रास नाही, उद्या कुणी त्यांच्यावर खोटं बोट ठेवलं तर हेच नियम त्यांना वाचवतील. त्रास होईल तो रात्री फोन करणाऱ्याला. त्याला व्हायलाच हवा.