गाडी दारात आहे, पण चालवणार कोण?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील मुले पूर्वी शिक्षण आटोपून फार तर पुण्या-मुंबईपर्यंत जात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती दुबई, डब्लिन, सिंगापूर, न्यू जर्सीपर्यंत पोहोचली. परक्या देशात बस्तान बसले की त्यांची पहिली मोठी खरेदी बहुधा मोटारीची असते. तिकडे तिच्यावाचून अनेक ठिकाणी भाजीसुद्धा आणता येत नाही. पुढे दोन-चार वर्षांनी ती दुसरी गाडी घेतात, ती इकडे, आई-वडिलांच्या दारात उभी करण्यासाठी. ‘रात्री-अपरात्री दवाखान्यात जायला हाताशी असावी’ हे कारण मी कितीतरी घरांतून ऐकले आहे. या दुसऱ्या गाडीविषयी आपल्याशी बोलावे असे पुष्कळ दिवस मनात होते, कारण ती घरी आल्यानंतरचे प्रश्न मेकॅनिकपेक्षा माझ्याच टेबलावर अधिक येतात.

एक प्रसंग सांगतो. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांना रात्री अडीचच्या सुमारास पाणी पिताना पेला उचलता येईना. तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द अडखळू लागले. अंगणात दोन महिन्यांपूर्वी घेतलेली कोरी गाडी उभी होती आणि चावी कपाटात होती. पत्नीला गाडी चालवता येत नव्हती. ज्यांना येत होती ते पलंगावर पडून होते. बाईंनी पहिला फोन अमेरिकेतील मुलाला केला. तिकडे दुपार होती. त्याने कार्यालयातूनच इकडच्या मित्रांना एकामागून एक फोन लावले. दोघांचे बंद होते, तिसरा पुण्याला गेलेला. शेवटी गल्लीतल्या दूधवाल्याने आपल्या टेम्पोतून त्यांना नेले. मधली चाळीस मिनिटे कोरी गाडी जागच्या जागी उभी होती.

पक्षाघातात ही चाळीस मिनिटे फार मोठी असतात. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या लक्षणापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि जितके लवकर द्यावे तितका मेंदू अधिक वाचतो. त्याआधी सीटी स्कॅन हवा. आपण भूम, परंडा किंवा उमरग्याच्या एखाद्या वाडीत राहत असाल आणि पुढे सोलापूर किंवा लातूर गाठावे लागणार असेल, तर त्या साडेचार तासांतील बराच वेळ रस्त्यातच संपतो. म्हणून पहिला फोन मुलाला न करता १०८ ला करावा. ही रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. तिच्यात प्राणवायू असतो आणि रुग्णाला हाताळण्याचे शिक्षण घेतलेली माणसे असतात. मुलाला त्यानंतर कळवावे. तो रागावणार नाही. छातीत कळ आलेल्या माणसाने तर स्वतः चाकामागे कधीच बसू नये. ‘मीच गाडी चालवत आलो, डॉक्टर’ असे अभिमानाने सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. वाटेत शुद्ध हरपली असती तर त्यांच्याबरोबर रस्त्यावरचे आणखी कोणी गेले असते.

तेव्हा परदेशातील मुलांना माझे सांगणे असते की गाडीचा रंग ठरवण्याआधी चालक ठरवा. एक नको, दोन ठरवा, आणि दोघेही हाकेच्या अंतरावरचे असावेत. त्यांना महिन्याची ठरावीक रक्कम द्या, मग त्या महिन्यात गाडी एकदाही बाहेर निघो वा न निघो. आठवड्यातून एकदा त्यांनी आई-वडिलांना घेऊन अर्धा तास फेरी मारावी. बँक, देऊळ, कुठेही. त्याने गाडीची बॅटरी शाबूत राहते आणि म्हाताऱ्या माणसांचे बाहेर पडणेही होते. या दोहोंत अधिक महत्त्वाचे कोणते हे एक डॉक्टर म्हणून मला विचारू नका! एखाद्या रात्री घरापासून रुग्णालयापर्यंत रंगीत तालीमही करून पाहावी. फाटकाचे कुलूप कोण उघडणार, चावी कुठे, औषधांची पिशवी कुठे, हे त्या तालमीतच उमगते.

खरेदीविषयी थोडे. व्हिडिओ कॉलवर मुलगा गाडी पसंत करतो, सोलापूर-लातूरच्या शोरूममधून ती घरी येते आणि मग आईला तिच्यात चढताच येत नाही. उंच गाडीत पाय उचलून टाकावा लागतो आणि बुटक्या गाडीतून उठताना गुडघ्यांवर सारा भार येतो. आई-वडील दोघांनाही शोरूममध्ये न्यावे आणि चार वेळा बसवून-उठवून पाहावे. सीट साधारण नितंबाच्या उंचीची असावी, दार रुंद उघडावे, आणि वर धरायला मूठ पुढच्या व मागच्या दोन्ही बाजूंस असावी. बसताना पाय आधी आत न घालता सीटकडे पाठ करून टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवावेत; गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर असेच बसावे. वडील स्वतः चालवणार असतील आणि गुडघे दुखत असतील तर क्लच नसलेली गाडी बरी. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असतो, तेव्हा साडीवरून तो आईला स्वतः लावता आणि सोडवता येतो का, हेही तिथेच पाहून घ्यावे.

आता वडिलांनी चालवण्याविषयी. हा विषय नाजूक आहे. वयाची पंचावन्न वर्षे उलटली की परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते आणि त्यासोबत नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यावर माझ्यासारख्या डॉक्टरची सही असते. पंचवीस मीटरवरून, स्वच्छ उजेडात, गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, भोंग्याचा आवाज ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. पुष्कळजण हा कागद दारातूनच पुढे करतात. ‘ओळखीचे आहात, करून टाका.’

असेच एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. त्यांच्या मुलाने आयर्लंडहून गाडी घेऊन दिली होती. मी त्यांना बाहेर नेले, पंचवीस मीटर पावलांनी मोजले आणि समोरच्या गाडीचा क्रमांक वाचायला सांगितले. एमएच २५ एवढे त्यांनी सवयीने म्हटले. पुढचे चार आकडे काही त्यांना जुळवता आले नाहीत. मी सही केली नाही. ज्यांच्या हाताखाली अर्धे गाव शिकले, त्या माणसाला गल्लीत उभे करून नाही म्हणणे मला सोपे गेले नाही, आणि त्यांनीही ते मनाला लावून घेतले. सात-आठ महिने ते माझ्याकडे फिरकले नाहीत. पुढे दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेऊन आले, न बोलता स्वतःच गल्लीत जाऊन उभे राहिले आणि सगळे आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले. मी सही केली. सूर्यास्तानंतर चालवायचे नाही, ही अट माझी आहे; कायद्याची नाही. ती त्यांनी मान्य केली.

ही अट मी आपल्या रस्त्यांकडे पाहून घालतो. ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याकडे निघालेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अंधारात मागून दिसतच नाहीत. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी निघालेल्या भाविकांनी भरलेला असतो. समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांनी साठीनंतरचे डोळे तरुण डोळ्यांपेक्षा अधिक वेळ दिपतात. वाढत्या वयाच्या चालकांकडे बारकाईने पाहणे हा काही आपल्याच देशाचा जाच नव्हे. इंग्लंडमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवाना नव्याने घ्यावा लागतो आणि जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणावेळी स्मरणशक्तीची चाचणी होते.

औषधांकडेही लक्ष असू द्या. सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांनी सुस्ती येते. प्रोस्टेटच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, उठताना भोवळ येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी. ती ९० पेक्षा कमी असेल तर आधी काही खावे आणि ती वर आल्यावरच निघावे. गाडीत साखरेची पुडी कायम असावी.

विसरभोळेपणा पुढे आजाराच्या पातळीला गेला की गाडी चोरांपासून सांभाळण्याऐवजी मालकापासून सांभाळावी लागते. एक आजोबा पहाटे चावी घेऊन निघाले आणि तीस वर्षांपूर्वीच्या आपल्या कचेरीच्या गावी जाऊन पोहोचले, सुदैवाने सुखरूप. अशा घरात दोन्ही चाव्या दृष्टीआड ठेवाव्यात. वाद घालू नये, रोज नव्याने समजावत बसू नये. ‘आज गाडी दुरुस्तीला द्यायची आहे’ एवढे म्हणून विषय चहाकडे वळवावा. उन्हाळ्यात बंद गाडीत म्हातारे माणूस किंवा लहान मूल ‘दोन मिनिटांसाठी’ बसवून दुकानात जाऊ नये. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ती दोन मिनिटे जिवावर बेततात.

उभ्या गाडीची निगा चालकाकडेच सोपवावी. टायरमधली हवा, बॅटरी आणि बॉनेटखाली घर करून वायरी कुरतडणारे उंदीर, एवढे त्याने पाहिले तरी पुष्कळ. धुण्यासाठी आपल्या टंचाईच्या जिल्ह्यात ओले फडके पुरे. कागदपत्रांकडे मात्र कुटुंबातील कोणी तरी बघावे. नव्या गाडीबरोबर तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा मिळतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा बहुधा एकच वर्षाचा असतो. ‘विमा तीन वर्षांचा आहे’ या समजुतीत दुसऱ्या वर्षी अनेक गाड्या उघड्या पडतात. गाडी मुलाच्या नावावर असेल तर मालक-चालकासाठीचे पंधरा लाखांचे अपघाती संरक्षण त्याचे असते, चालवणाऱ्या वडिलांचे नव्हे. त्यांच्यासाठी आणि पगारी चालकासाठी वेगळी सोय करून घ्यावी. फास्टॅग व आरसीला जोडलेला मोबाइल इथला असावा. नाही तर टोलनाक्यावर तुम्ही खोळंबलेले आणि ओटीपी अमेरिकेत झोपलेल्या मुलाच्या उशाशी, अशी गत होते.

सुट्टीवर आलेली मुले गाडी लगेच हाती घेतात. त्यांचा इथला परवाना अनेकदा संपलेला असतो, आणि तिकडचा वापरायचा तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो नसताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. शिवाय अमेरिकेत रस्त्याच्या उजवीकडून चालवण्याची सवय झालेली असते. विमानाची झोप भरून निघेपर्यंत दोन दिवस चालवणे चालकाकडेच राहू द्यावे.

शेवटी नावाचा प्रश्न. २०२१ पासून आरसीवर वारसदार म्हणून एका व्यक्तीचे नाव नोंदवता येते. ते आईचे नोंदवून ठेवावे. मालकाच्या निधनानंतर तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ भरायचा असतो. माझ्या एका रुग्ण बाईंच्या पतीने हे नाव नोंदवले नव्हते. दोन मुले दोन देशांत. दोघांच्या संमतीचे कागद जमवताना वर्ष उलटले आणि तोवर गाडीची चारही चाके बसली. अखेर ती विकली गेली. बाईंनी त्या पैशांतून कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला महिन्याने बांधून घेतले आहे. दर मंगळवारी तो त्यांना रक्तदाब तपासायला माझ्याकडे घेऊन येतो, आणि परतताना भाजीमंडईपाशी थांबतो.