बीदरहून विमानाने

आमच्या बीदरच्या मुलांना विमानाचे नवल नाही. गावालगत हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने विमाने डोक्यावरून जातच असतात. आवाज ओसरेपर्यंत शिक्षकाने खडू हाती धरून थांबायचे व मग कविता पुढे चालवायची, हा येथील जुना परिपाठ. 'सूर्यकिरण' हा हवाई कसरतींचा चमू १९९६ मध्ये येथेच स्थापन झाला. नवल होते ते तिकीट काढून विमानात बसण्याचे. ७ फेब्रुवारी २०२० रोजी येथून प्रवासी सेवा सुरू झाली, मध्यंतरी खंडित झाली व २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली.

दूरच्या वाचकांना या नवलाचे मोल कळावे म्हणून थोडा इतिहास सांगतो. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते आणि राजधानी होती हैदराबाद, दीडशे किलोमीटरच्या आत. पहाटे निघालेला मनुष्य कचेरीतील काम उरकून रात्री घरी जेवावयास येई, असे आमचे वडील सांगत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते तालुके मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात आलो आणि राजधानी एकदम सातशे किलोमीटरवर गेली. भाषेच्या दुःखाविषयी पुष्कळ लिहिले गेले. या अंतराविषयी फारसे कोणी लिहीत नाही. कागद 'वर' गेला की तो कोणत्या टेबलावर पडून आहे, हे विचारण्यासाठी दोन रात्रींचा प्रवास!

आमच्या मराठी शाळेतील गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षे रिक्त होती. तीन अर्ज वर गेले, उत्तर एकही आले नाही. त्या पावसाळ्यात मुख्याध्यापकांच्या एका बैठकीस बंगळूरला बोलावणे आले, तेव्हा चौथा अर्ज आम्ही स्वतःच न्यावयाचे ठरविले. विमानभाडे आमच्या श्रेणीस मिळत नाही. वरचा फरक खिशातून भरला. घरातून यावर जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही.

तळ लष्करी असल्याने छायाचित्रे घेण्यास मनाई होती. त्यामुळे डोळ्यांनीच पाहिले : लाल जांभ्याचे पठार, त्यावरील हिरवी शेते, आणि क्षणभरात सारे ढगांत बुडाले. कृष्णा कोठे ओलांडली, तुंगभद्रा कोठे, काहीच उमगले नाही. सरळ रेषेतील सव्वापाचशे किलोमीटर आम्ही सव्वा-दीड तासात काटले. देवनहळ्ळीच्या विमानतळापासून शहरातील मुक्कामापर्यंतच्या पस्तीस-चाळीस किलोमीटरांनी मात्र त्याहून अधिक वेळ घेतला.

दुसऱ्या दिवशी बैठकीनंतर अर्ज दिला. कारकुनाने तो वाचला, 'मराठी शाळा अजून आहेत का तिकडे?' असे कानडीत विचारले, आणि आम्ही कानडीतच पटसंख्या सांगितल्यावर बसावयास खुर्ची दिली. त्याच्या विचारण्यात कुत्सितपणा नव्हता. खरोखरच त्याला ठाऊक नव्हते. आम्ही पोहोच मागितली. शिक्का मारलेला तो कागद हाती आला तेव्हा दामाजीपंतांची आठवण झाली. विठू महाराने बीदरच्या बादशहाकडे धान्याची रक्कम भरली आणि पावती घेतल्यावाचून तो दरबारातून हलला नाही, अशी कथा आहे. दरबाराचा व्यवहार देवालाही ठाऊक होता म्हणावयाचा!

परतताना रेल्वेने कलबुर्गीस उतरलो व २०१७ मध्ये सुरू झालेल्या नव्या लोहमार्गाने हुमनाबादवरून बीदर गाठले. भत्त्याच्या कागदावर दोन्ही बाजूंचे रेल्वेभाडेच लिहिले.

दसऱ्याच्या सुटीनंतर एक अतिथी शिक्षक रुजू झाला. कायम जागा अद्याप भरलेली नव्हती. मुलगा औरादचा, मराठी उत्तम, रोज बसने येई-जाई. पहिल्याच दिवशी अपूर्णांक शिकविताना वरून विमान गेले, तेव्हा तो न थांबता मोठ्याने शिकवीतच राहिला. त्याला येथील परिपाठ अजून कोणी सांगितला नव्हता.