काखेत कळसा, ढगात डेटा

एक साधा प्रश्न. तुमच्या मोबाइलमधले फोटो, सबमिशनच्या फाइल्स, मार्कशीट हे सगळं राहतं कुठे? हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा, उत्तर एकच, "क्लाउडवर!" आणि बोट आपोआप वर जातं. जणू वर ढगात कुणीतरी मोठं कपाट ठेवलंय.

खरं तर हे कपाट जमिनीवरच असतं आणि त्याला चांगला पक्का पत्ता असतो. महाराष्ट्रातले मोठे पत्ते म्हणजे ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल. २०२० साली पनवेलला सुरू झालेल्या योट्टाच्या एका इमारतीत ७२०० रॅक मावतात! समुद्राखालून येणाऱ्या केबल्स मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार तिथेच आहेत, म्हणून ही सगळी गर्दीही तिथेच.

मी तासगावची. द्राक्षाच्या पेट्या वाशीच्या मार्केटला जाताना लहानपणापासून पाहिल्यात. पण घरी आलेल्या पाहुण्याला द्राक्षं द्यायची तर कुणी वाशीहून मागवत नाही. डेटाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. एकाच खोलीतल्या रूममेटला फाइल पाठवायची, तर ती आधी शेकडो किलोमीटर दूरच्या सर्व्हरला जाते आणि तिथून फिरून शेजारच्या कॉटवर येते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे म्हणी सगळ्या आजीकडून आल्या. तिच्या भाषेत सांगायचं तर काखेत कळसा अन् गावाला वळसा.

हा वळसा कमी करण्यासाठी शहराशहरांत जी छोटी केंद्रं उभी राहतात, त्यांना 'एज डेटा सेंटर' म्हणतात. दोन-चार खोल्या, थोडे रॅक, एसी, यूपीएस, जनरेटर आणि फायबरची जोडणी. झालं!

आता कुणी म्हणेल, याने स्पीड वाढतो का? थोडं गणित करू. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. चारशे किलोमीटर जाऊन परत यायला लागतात फक्त ४ मिलिसेकंद. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे नुसत्या चॅटिंगसाठी जवळचा सर्व्हर नसला तरी बिघडत नाही. फरक पडतो तो गर्दीने. १९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्ड कप फायनल आठवते ना? (निकाल नको आठवायला!) त्या दिवशी हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक मॅच बघत होते. प्रत्येकासाठी एकाच ठिकाणाहून वेगळी धार सोडायची तर पाइपच फुटले असते. म्हणून अशा व्हिडिओच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवतात आणि तिथून वाटतात.

देशाच्या पातळीवर हाच विचार आधी झालेला आहे. भारतातल्याच दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधला ट्रॅफिक पूर्वी अनेकदा परदेशात जाऊन परत यायचा. तो देशातल्या देशातच फिरावा म्हणून २००३ साली 'निक्सी' स्थापन झाली. मग जे देशासाठी केलं, ते जिल्ह्यासाठी का नको?

पण मॅच अडकली तर आपण फार तर शिव्या घालतो. मला हा विषय मनाला लागला तो वेगळ्या कारणाने.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री बाबांच्या छातीत दुखू लागलं. आई आणि काका त्यांना शहरातल्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. मी इथे हॉस्टेलच्या जिन्यात फोन कानाला लावून बसले होते. दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओग्राफी त्याच इमारतीत झाली होती. डॉक्टर समोर, पेशंट समोर, मशीन वरच्या मजल्यावर, पण जुना रिपोर्ट उघडेना! रस्ता खोदताना जेसीबीने फायबर तोडली होती आणि रिपोर्ट होते दुसऱ्याच कुठल्यातरी शहरातल्या सर्व्हरवर. मोबाइलचं नेट जोडून पाहिलं, पण त्यांचं सॉफ्टवेअर ठरलेल्या लाइनवरूनच चालायचं. नवीन ईसीजी काढून डॉक्टरांनी उपचार सुरू केले. "आधी कुठल्या शिरेत किती ब्लॉकेज होतं, आठवतं का?" असं त्यांनी आईला विचारलं. आईला ते कसं आठवणार?

शेवटी काका भर पावसात मोटारसायकलवर तासगावला गेले आणि आजीच्या ट्रंकेतली प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत सगळे कागद तारीखवार लावलेले. यात दीड तास गेला. बाबा आज ठणठणीत आहेत, बागेत फिरतात, पथ्यावरून आईशी भांडतात. पण तो दीड तास माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या घरचं एज डेटा सेंटर म्हणजे आजीची ट्रंक! जवळ, छोटं आणि लाइन तुटली तरी चालू.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या माहितीवाचून शहराचं अडतं, म्हणजे दवाखाना, पाणीपुरवठा, ॲम्ब्युलन्स, तिची एक प्रत शहरातच असावी. मोठी केंद्रं बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. उलट दुसरी प्रत लांबच हवी. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तेव्हा तळघरात सर्व्हर ठेवणाऱ्याचं काय झालं असतं, सांगायला नको. एक प्रत जवळ, एक लांब, आणि जवळचीही वरच्या मजल्यावर, कुलपात. रुग्णाची माहिती म्हणजे काही नोटीस बोर्ड नव्हे.

आणखी एक अडचण आहे, विजेची. सर्व्हरना १०० युनिट लागली तर गूगलच्या मोठ्या केंद्रांत कूलिंग वगैरे सगळं धरून सरासरी ११० च्या आसपास वीज लागते. साध्या स्प्लिट एसीवर चालणाऱ्या खोलीला हे जमत नाही. पण छोट्या केंद्राची उष्णता जवळच वापरता येते, हा त्याचा फायदा. इंग्लंडमधल्या एक्समथ गावी २०२३ साली पोहण्याच्या तलावाजवळ वॉशिंग मशीनएवढं डेटा सेंटर बसवलं. त्याच्या उष्णतेने तलावाचं पाणी साठ टक्के वेळ ३० अंशांच्या आसपास राहतं असं सांगण्यात आलं. आता आपल्या सर्व्हर रूमच्या मागे, एसीच्या आउटडोअर युनिटजवळ जाऊन उभे राहा. तिथे कपडे वाळतात! आणि जुलैत आपल्या सोलरला येतं बर्फासारखं पाणी. आंघोळीइतकं कढत नाही, पण निदान कोमट पाणी तरी मिळेल की नाही? रेक्टर मॅडम, कृपया विचार व्हावा.

आपल्यापैकी बहुतेक जण पास होऊन पुण्याला नाहीतर बंगळूरला जाणार, कारण काम तिथे आहे. पण जिल्ह्यात चार रॅक आले तरी नेटवर्कला कॉम्प्युटरवाले लागतील, विजेला इलेक्ट्रिकल, कूलिंगला मेकॅनिकल, आणि पूररेषेच्या वर जागा शोधायला सिव्हिल. सगळ्यांचं पोट भरेल असा माझा दावा नाही, पण दोघं-चौघं तरी घराजवळ राहतील.

फायनल इयरचा माझा प्रोजेक्ट ठरलाय. तालुक्याच्या दवाखान्यासाठी, लाइन तुटली तरी जुने रिपोर्ट दाखवणारा एक छोटा सर्व्हर. लाइन आली की त्याने आपोआप लांबच्या प्रतीशी जुळवून घ्यायचं. गाइड सरांनी होकार दिलाय. कूलिंगसाठी मेकॅनिकलचा एक पार्टनर हवा आहे. इच्छुकांनी मेसमध्ये भेटावं, चहा माझ्याकडून!

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी