भिंतीची ओल आणि डिपॉझिटचे पैसे



गेल्या आठवड्यात पूजा आटोपून मंदिराच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा दोघींनी एकच विषय काढला. मुलांसाठी घेतलेला फ्लॅट रिकामा आहे, मुलं काही पुण्याहून परत येत नाहीत, तर भाड्याने देऊ का? सांगलीत विश्रामबागेतला आमचा छोटा फ्लॅट मी आठ वर्षं भाड्याने देतेय, म्हणून मला विचारतात. सांगते सगळं. पण आधी माझी चूक सांगते, कारण मला जे कळलंय ते बरंचसं त्या चुकीतूनच.

आमचे पहिले भाडेकरू म्हणजे एक तरुण जोडपं आणि त्यांची दीड वर्षाची मुलगी. तो खासगी नोकरीत, ती मिरजेला नर्स. भाडं ७,५००, डिपॉझिट ३०,०००. ओळखीतून आलेले, त्यामुळे स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचा करार लिहिला, सह्या केल्या आणि झालं. घर देताना काय कसं होतं याची ना यादी, ना फोटो.

दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली. तिचा फोन आला. मी म्हटलं, खिडक्या उघड्या ठेव, लहान मुलीचे ओले कपडे खोलीत वाळत घालू नकोस. दिवाळीनंतर परत फोन. मी तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "काकू, कपड्यांची ओल वरून खाली कशी येईल? एकदा प्लंबरला दाखवा ना." मला तो उद्धटपणा वाटला. खरं सांगायचं तर प्लंबरचा खर्च टाळायचा होता.

जानेवारीत त्यांनी घर सोडलं. भिंतीचे पोपडे निघाले होते. मी डिपॉझिटमधून ८,००० कापले. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं, मुलीला कडेवर घेतलं आणि जिना उतरली. भांडली असती तर बरं झालं असतं असं नंतर वाटलं.

फेब्रुवारीत रंग दिला. एप्रिलमध्ये कुलूप उघडलं तर तीच भिंत पुन्हा फुगलेली. पाऊस नाही, घरात माणूस नाही, वाळत घातलेला एक रुमालसुद्धा नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची नहाणी गळत होती. प्लंबरला शोधायला अर्धा तास लागला.

मग लगेच तिला फोन केला? नाही. "आता त्या गेल्या, व्यवहार संपला," असं मनाला समजावत पाच महिने काढले. भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव. प्रवचन चालू होतं, मन, वाणी आणि कृती यांत सरळपणा हवा, आणि मला डोळ्यांपुढे ती भिंत दिसत होती. अचौर्याचं व्रत घेतलेली मी. न दिलेलं घ्यायचं नाही एवढं तर पाठशाळेतल्या मुलालाही कळतं. डिपॉझिट आपल्या कपाटात असलं तरी पैसा दुसऱ्याचाच असतो. क्षमावाणीला आपण फोनवर शे-दोनशे जणांना हात जोडलेलं चित्र पाठवतो. त्या यादीत तिचं नाव नव्हतं.

त्या दिवशी फोन केला. नहाणीचं सांगितलं, चूक माझी होती म्हटलं, पैसे पाठवते म्हटलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ते पैसे आम्ही नव्या घराच्या डिपॉझिटमध्ये धरले होते काकू. मग यांच्या मामांकडून उसने घेतले." आणि जरा थांबून, "मुलीनं स्वयंपाकघरात खडूनं रेघोट्या मारल्या होत्या, त्याचे कापायचे तर कापा." मी काय कापणार? पूर्ण ८,००० पाठवले. मामांचे पैसे फेडून झाले होते का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

आता मी काय करते ते ऐका. किल्ली देण्याआधी दिवसाउजेडी भाडेकरूबरोबर घर फिरते. प्रत्येक भिंत, नळ, पंखा, गीझर, काचा आणि विजेच्या मीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढून दोघींच्या फोनमध्ये ठेवायचे. यादीच्या दोन प्रती, दोन्हीवर दोघींच्या सह्या. वापरानं रंग मळणं, नळाचा वॉशर झिजणं हे आपल्या खर्चाचं, तोडफोड त्यांच्या. हे करारातच लिहायचं. म्हणजे घर सोडताना आठवणीवर विसंबावं लागत नाही. आठवण नेहमी आपल्या बाजूनं बोलते.

कराराची नोंदणी कराच. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे मी कित्येकांकडून ऐकलं होतं. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर दंड किंवा कैदही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. आता एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधारवर काम होतं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत द्यायच्या डिपॉझिटचं दहा टक्क्यांनी व्याज धरतात. आमचं अडीचशेच्या आत बसलं, नोंदणी फी हजार. तेवढ्यासाठी पळवाट कशाला? तत्त्वार्थसूत्रात अचौर्याच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याचे नियम डावलून व्यवहार करणं. भाडं रोख घेऊन उत्पन्नात न दाखवणं त्यातच आलं. भीतीही उगाच असते. भरलेली घरपट्टी वजा जाऊन उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट सूट मिळते. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, तीही ऑनलाइन देता येते. आणि सोसायटी भाडेकरू ठेवल्याचं जास्त शुल्क मागेल, तर ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे नम्रपणे सांगा.

मे महिन्यात घराला एक फेरी मारते. गच्चीची पाणी जाण्याची तोंडं पाल्यानं तुंबलेली असतात, ती मोकळी करून घ्यायची. गच्चीतून पाणी मुरलं तर काम सोसायटीचं, वरच्यांच्या मोरीतून गळलं तर त्या सभासदाचं. हे मला आधी ठाऊक असतं तर! आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा क्षार गीझर खातो, त्यामुळे वर्षातून एकदा तोही उघडून साफ करते. झुरळांच्या औषधाचा प्रश्न आपल्याला नेहमी पडतो. जीव झाल्यावर मारण्यापेक्षा होऊच न देणं सोपं: जाळ्या बसवा, ओट्याखालच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवा, गळका सायफन लगेच बदला. ओल नसली की निम्मं काम झालं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. खाण्यापिण्याचं काय? माझं मत सगळ्यांना पटत नाही. घरात मांसाहार शिजवू नका, ही विनंती मी पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगते. पटलं तर या, नाहीतर मनात किल्मिष नको. एकदा हो म्हटल्यावर मात्र कचऱ्याची बादली बघत नाही, शेजारणीला विचारत नाही. आपल्या समाजातल्याच एका घरी मालकीणबाई भाडेकरणीचा फ्रीज उघडून बघतात म्हणे. किल्ली आपली असली तरी घर त्यांचं असतं. न सांगता मी दारातही जात नाही.

भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. कायद्यानं ते चालत नाही, आणि त्या घरात लहान मूल असेल तर आपल्यालाच जेवण जाणार नाही.

परवा सध्याच्या भाडेकरणीचा फोन आला, गीझरखालचा कोपरा ओलसर लागतोय म्हणून. तिला शनिवारी दुपारी सुट्टी असते. प्लंबरला चारची वेळ दिलीय, मीही जाणार आहे.