धरणातला वारा

समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याबद्दल लोकांच्या मनात धाक आणि आदर असतो. आम्हा वऱ्हाडातल्या भोयांना मात्र सरळ म्हणतात, ‘तुमचं काय बुवा, थांबलेलं पाणी!’ मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा अडवून बांधलेल्या अप्पर वर्धा धरणात मी जाळं टाकतो. अमरावती शहर हेच पाणी पितं, आणि ते कुणाचा जीव घेऊ शकतं हे शहरात कुणाला पटत नाही.

हर्णैला एकदा कोळ्यांशी बोललो होतो. त्यांची लाट लांब असते, नाव तिच्यावर चढते आणि उतरते. आमची लाट आखूड आणि उभी. डोंग्याचं तोंड एकीतून वर निघायच्या आत दुसरी आत शिरते. त्यात निम्म्या लोकांकडे धड डोंगाही नाही. थर्माकोलचा तराफा, नाही तर ट्रकची ट्यूब. समुद्रावर हवामान खात्याचा इशारा येतो, बंदरावर बावटा चढतो. फयान आलं 2009 मध्ये, तौक्ते 2021 मध्ये, आणि त्या वादळांना निदान नावं होती. मे महिन्यात सातपुड्याकडून वावधान सुटतं त्याला नाव नसतं, आणि ते अर्ध्या घंट्यात संपूनही जातं.

आमचे मोठेबाबा म्हणायचे, ‘पान्याकडे काय पायतं, काठावरच्या झाडाकडे पाय!’ वारा आधी बाभळीच्या शेंड्याला कळतो, पाण्याला मागून. शेंडे एकाच अंगाला कलले की वल्हं हातात घ्यायचं. बाकीचं काम सवयीनं जमतं. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्या हिशेबानं जाळं वर किंवा खाली बांधायचं. संध्याकाळी लावायचं, पहाटे काढायचं. हे मासे थांबल्या पाण्यात वीण करत नाहीत, म्हणून बीज सोडावं लागतं. 1957 मध्ये ओडिशात हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण करून दाखवली. ते झालं नसतं तर आम्ही आजही पुराच्या पाण्यात बीज धुंडाळत बसलो असतो.

खरा धोका तळाशी आहे. धरण भरलं तेव्हा खाली शेतं होती, झाडं होती, विहिरी होत्या. त्या झाडांचे खुंट अजून उभे आहेत. तंगूसचं जाळं त्यांत अडकलं की सुटत नाही. जाळं महाग, बहुतेक वेळा उधारीचं. मग माणूस ओढतो, डोंगा कलतो. नाही तर तो बुडी मारतो. तंगूस पाण्यात दिसत नाही, म्हणून मासा फसतो आणि त्याच कारणानं माणसाचा पायही. पोहता येणारेच यात जास्त सापडतात, कारण खाली उतरायचा धीर त्यांनाच होतो. म्हणून माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यांत अवघड कसब म्हणजे जाळं कापणं. कंबरेला दोरीनं बांधलेला चाकू आणि तो चालवायची तयारी. चाकू सगळ्यांकडे असतो.

14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात झुंज इथं याच वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण गेले. ते मासे धरायला निघाले नव्हते, पण नावेला त्याचा काय फरक पडतो? नंतर सगळीकडे जॅकेटांची चर्चा झाली. जॅकेट उकाड्यात अंगाला चिकटतं, जाळ्यात अडकतं, ही तक्रार खरी आहे. तरीही घाला म्हणतो मी. निम्मे लोक ते डोंग्यात बुडाखाली घेऊन बसतात, यावर मी आता बोलायचं सोडलं.

पोरांना मात्र जाळं कापायला शिकवतो. परवा एकानं विचारलं, ‘काका, कापलं तर पैसे कोन देईन?’ धरणातल्या मासेमारीचा ठेका आमच्या मच्छीमार संस्थेचा असतो. जाळं ज्याचं त्यालाच घ्यावं लागतं. मी म्हटलं, ‘कोनी नाई देत.’ तो गप्प बसला, मग म्हणाला, ‘मंग मी बुडी मारीन.’ संस्थेच्या पुढच्या बैठकीत जाळ्यासाठी वेगळा निधी काढायचा विषय मी मांडणार आहे. मागे एकदा मांडला होता, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला.