आयडलिंगचा फंडा

भाईंदर स्टेशनबाहेर उत्तनची बस पकडा. टॉवर मागे पडतात आणि सुक्या बोंबलांचा वास येऊ लागतो. तिथल्या कोळीवाड्यात माझं आजोळ. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्यामुळे इंजिन पडून राहणं इथे नवीन नाही. पण माझ्या मामाची छोटी फायबर बोट गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे चक्क दोन सीझन बंद होती. तिचं फ्युएल इंजेक्शनवालं पेट्रोल इंजिन ऑगस्टमध्ये सुरू झालं खरं, पण थ्रॉटल खाली आणला की दोन आचके आणि गप्प!

वेगात मस्त पळतंय ना, मग टेन्शन कसलं? असं तुम्हाला वाटेल. मामाला विचारा. "अरे बाळा, पळायला कुणालाही जमतं. खडकांमधून किनाऱ्याला हळू लागता आलं पाहिजे." नेमकं तिथेच इंजिन बंद पडलं, तर बोट कुठे जायची ते लाट ठरवते.

आयडल वाढवून टाका, हा किनाऱ्यावरचा फुकट सल्ला. पण इंजेक्शनवाल्या इंजिनात आयडल कॉम्प्युटर सांभाळतो. जबरदस्तीने वाढवलं तर दुखणं झाकलं जातं आणि गिअरला दणके बसतात, ते वेगळंच.

खरा फंडा असा. थ्रॉटल मिटलेला असताना इंजेक्टर काही मिलिसेकंदच उघडतो आणि हवा एका बारीक वाटेने आत येते. पेट्रोल साठून राहिलं की त्याचा चिकट थर बसतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावाही ओढतं, मग पाणी तळाला. वेगात हे सगळं खपून जातं, आयडलला उघडं पडतं.

म्हणून आम्ही स्वस्तातून महागाकडे गेलो. जुनं पेट्रोल काढलं, ताजं भरलं. पाणी वेगळं करणारा फिल्टर बदलला. खाऱ्या हवेने हिरवे पडलेले बॅटरीचे टर्मिनल घासले, कारण व्होल्टेज पडलं की इंजेक्टरही आळसावतो. प्लग नवे टाकले. तरी कुरकुर होतीच. मग मेकॅनिकने थ्रॉटल बॉडी आणि आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह साफ केला. इंजेक्टर खोलायची वेळच आली नाही. ट्रायल मात्र बोट पाण्यात असतानाच, नाहीतर थंड करणारं पाणी न मिळाल्याने पंप जळतो.

सोसायटीत महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या तुमच्या बाईकचीही बहुतेक हीच स्टोरी असते. सिग्नलला बंद पडली, तर आधी पेट्रोल बघा बॉस, मग बिल.

दोरखंडाने बांधलेल्या बोटीत इंजिन तासभर आयडलवर चाललं. गिअर टाकून, काढून, पुन्हा टाकून पाहिला. एकदाही बंद पडलं नाही. तेव्हा कुठे मामाने जाळं बोटीत चढवलं.